वेताळाची आतली बाजू

बोईसर स्टेशनाबाहेर मी शेअर रिक्षात बसले होते. आणखी एक प्रवासी मिळावा म्हणून रिक्षावाला खोळंबला होता, आणि एकाएकी सगळ्यांचे हात नाकाशी गेले. शेजारच्या बाईने पदर लावला, तिच्या मांडीवरच्या मुलीने तिच्या कुशीत तोंड खुपसलं, पुढे बसलेल्या कामगाराने गळ्यातला टॉवेल वर ओढला आणि आज तर हद्द झाली असं हिंदीत पुटपुटला. रिक्षावाला रुमालाची घडी नाकावर दाबून रस्त्यात थुंकला. मी एकटी हात मांडीवर ठेवून बसले होते. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली, या बाईला काही वाटत कसं नाही अशा नजरेने. मग मीही ओढणी नाकाला लावली. कशासाठी लावली ते मला कळत नव्हतं. वारा फिरला की संध्याकाळी बोईसरला असा वास येतो, कधी सडक्या अंड्याचा, कधी जळक्या रबराचा, कुठून येतो ते कुणी सांगत नाही. लग्न होऊन इथे आल्यापासून त्याला शिव्या देत खिडक्या लावत आले. आता तोच वास मी शोधायला लागले. ओढणी खाली घेतली आणि छाती भरून श्वास घेतला. हवा आत गेली, गार होती, थोडी धुळकट होती, बाकी तिच्यात काहीच नव्हतं. शेजारची बाई जरा सरकून बसली.

घरापर्यंत मी नाकाने श्वास घेत आणि सोडत राहिले. दिवाळीनंतर ताप येऊन गेला होता, साधाच, तोंड कडू पडलं होतं, आठवडाभर सर्दी. तेव्हापासून उदबत्तीचा वास येत नव्हता म्हणून मी दुकानदाराला बोल लावला होता. चहा पाणचट लागतो म्हणून दूधवाल्याला. जगच जरा पातळ झालंय आणि त्यात माझा काही दोष नाही, असं मी धरून चालले होते. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या दारापाशी थांबले. त्यांच्याकडे रोज संध्याकाळी लसणाची फोडणी असते. तडतड ऐकू आली. मी त्या दारापाशी इतका वेळ उभी राहिले की आतून कुणीतरी विचारलं, कोण आहे. स्वयंपाकघरात जाऊन हिंगाची डबी उघडली. मग व्हिक्सची. व्हिक्सने डोळ्यांत पाणी आलं, नाकाच्या आत झोंबलं, पण झोंबणं म्हणजे वास नव्हे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हॉलमधून नवऱ्याने, प्रफुल्लने विचारलं, काय शोधतेस गं. मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर जेवणाची मजा गेली असती, एवढंच. माझी नोकरी नाकावर चालते. आमच्या शाखेचं नाव पाटीवर दोन ओळींत मावत नाही. जिल्ह्यातला वारसा, त्याचं जतन, संवर्धन असं बरंच काही आहे त्यात. लोक नुसतं कोठार म्हणतात. पालघरला इंग्रजांच्या काळची एक कौलारू कचेरी आहे, तिच्या मागच्या खोल्यांत जिल्ह्याच्या वस्तू ठेवलेल्या आहेत: शेतांच्या बांधावरून आणलेले वीरगळ, फुंकून वाजवायचे भोपळ्याचे तारपे, लाकडी कोरीव खांब, कोळ्यांच्या जुन्या होड्यांचे नमुने, पोथ्या, आणि मुखवटे. ज्या इमारतीत हे सगळं जपायचं ती इमारतही जपायच्या वस्तूंपैकीच एक, म्हणून तिच्या भिंतीत खिळा ठोकायला परवानगी लागते आणि गळकं कौल बदलायला त्याहून मोठी. पावसाळाभर भिंती पाणी पितात आणि हिवाळाभर ते सोडत बसतात. अशा जागेत लाकूड आणि कागद टिकवायचा म्हणजे बुरशी आणि वाळवी दिसायच्या आधी ओळखावी लागते, दिसल्यावर उशीर झालेला असतो. सोमवारी सकाळी मी कुलूप काढायची, दिवा न लावता, पंखा न लावता उंबऱ्याच्या आत उभी राहायची, डोळे मिटून. दोन दिवस कोंडलेली हवा सगळं सांगायची. वाळवीला ओल्या मातीसारखा वास असतो, पण त्यात किंचित आंबट काहीतरी. बुरशीला शिळ्या भाकरीचा. कातडं बिघडायला लागलं की वेगळंच. मी हात करून सांगायची, त्या कोपऱ्यात बघा, आणि तिथे असायचंच. ऑफिसात सगळे मला नाकवाल्या बाई म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

हे मला बाबांनी शिकवलं. एडवणला आमची भातशेती आणि वाडी. बाबा बियाण्याच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालायचे, मूठ वर काढायचे आणि आम्हा मुलांना सांगायचे, "डोल्यांनी काय कलनार हाय? नाकाला लाव." मी लावायची. कोरडं भात, ऊन लागलेल्या अंगणासारखं. दमट भात, झोपून उठलेल्या माणसाच्या तोंडासारखं. ते हसायचे, बरोबर म्हणायचे, भावाला ते कधी बरोबर ओळखता यायचं नाही. आता त्या कणगीची आठवण काढायला बसले तर कणगी दिसते, बाबांचा हात दिसतो, कोपरावर चिकटलेली तुसं दिसतात, आणि सगळं कुणीतरी काचेपलीकडून दाखवल्यासारखं. ऊन लागलेलं अंगण हे शब्द राहिले आहेत. त्यांच्या मागचं गेलं. मला वाटायचं की जे आठवतं ते आपलं असतं, ते कोण नेणार. ते नाकातून असं निघून जाईल हे कधी मनातही आलं नव्हतं.

कुणालाच सांगितलं नाही. सोमवारी कुलूप काढलं, उंबऱ्याच्या आत उभी राहिले, डोळे मिटले. मागे दर्पण येऊन उभा राहिला. दर्पण माझा साहेब, गेल्या वर्षीच आलेला, माझ्या मुलीच्या, भाविकाच्या वयाचा, मनाने चांगला; पुरातत्त्व शिकून आलाय आणि मला मॅडम म्हणतो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, निकालाची वाट बघावी तसा. मी म्हटलं, ठीक आहे सगळं. त्याने मान हलवली आणि गेला. एवढं सोपं होतं ते. पुढच्या सोमवारी पुन्हा म्हटलं, ठीक आहे. त्यानंतर मात्र मला झोप लागेनाशी झाली, कारण मला खरंच माहीत नव्हतं. त्या अंधाऱ्या खोलीत आत्ता काय चाललंय, कुठल्या खांबाच्या पोटात काय पोखरतंय, कुठल्या पोथीवर काय उगवतंय, मला काही कळणार नव्हतं. आणि मी ठीक आहे म्हणाले म्हणून दुसरं कुणी बघणारही नव्हतं. मी टॉर्च घेऊन फिरायला लागले. टॉर्चच्या उजेडात सगळंच बुरशी दिसतं. भिंतीचा चुना, कोळिष्टक, जुन्या रंगाचे पोपडे, माझ्याच बोटांचे ठसे. हात लावून बघायची, पुन्हा बघायची, घरी येऊन पुन्हा शंका. दर्पणला म्हणता आलं असतं की बाबा रे, माझं नाक गेलंय, तू जरा हुंगून सांग. तोंडापर्यंत यायचं. मग वाटायचं, हे एकदा सांगितलं की या खोलीत माझं काय काम राहिलं. टॉर्च तर शिपाईही मारू शकतो.

घरी प्रफुल्ल काही बोलत नव्हता. तो आधीच कमी बोलणारा माणूस, कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला, मशीनच्या आवाजाने अर्धं ऐकू येत नाही, उरलेलं तो ऐकून घेत नाही. एका रविवारी मी बोंबलाचं कालवण केलं. तो जेवत होता. दुसरा घास घेतल्यावर थांबला, पाणी प्यायला, आणि पुढे जेवत राहिला, ताटाकडे बघत, नेटाने, शाळेतल्या मुलाला संपव म्हणून दटावलं तर जेवतो तसा. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं. मासे उतरले होते. मी ते साफ केले होते, धुतले होते, शिजवले होते, नाकाखालून गेले होते माझ्या. मी ताट ओढून घेतलं आणि रडायलाच लागले. तो घाबरला. म्हणाला, भाविका लग्न होऊन गेल्यापासून तुझं स्वयंपाकात लक्ष नाही, मला वाटलं बोलून तुला कशाला दुखवा. म्हणजे इतके दिवस तो काय काय गिळत आला होता कोण जाणे, आणि मी दुःखात आहे असं समजून माझ्यावर माया करत होता. त्या मायेने मला जास्तच अपराधी वाटलं. मग सांगितलं त्याला. तो डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, कदाचित नाही येणार, तापानंतर होतं असं हल्ली बऱ्याच जणांना, जिवाला काही धोका नाही. बाहेर आल्यावर प्रफुल्ल म्हणाला, बघ, धोका नाही म्हणाले.

त्या दुपारी तो झोपल्यावर मी कपाट उघडलं. माझ्या शालूंच्या खाली एक प्लास्टिकची पिशवी आहे, तोंड घट्ट बांधलेली, तिच्यात बाबांचा पंचा. ते गेले त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर होता तो. कुणाला माहीत नाही, प्रफुल्लला तर नाहीच. वर्षातून एखाद्या वेळी, अगदी असह्य झालं की, मी गाठ सोडायची आणि एकदाच हुंगायची, लगेच बांधून टाकायची, उगाच उडून जायला नको म्हणून. तंबाखू, घाम, पानवेलीच्या पानांचा हिरवा उग्र वास. बाबा खोलीत आल्यासारखे व्हायचे. त्या दुपारी गाठ सोडून तोंड पिशवीत घातलं आणि तसंच ठेवलं, खूप वेळ. सुती कापड नाकाला लागत होतं. बाबा नव्हते. ते पंच्यात आहेत आणि मला भेटत नाहीत, की पंच्यातूनही कधीच गेले आहेत आणि मला कळलं नाही, हे आता कळायला काही मार्गच नव्हता. दुसऱ्याला विचारावं तर कुणाला विचारणार, आणि त्याला काय ओळखू येणार. मी गाठ पुन्हा पहिल्यासारखी बांधली.

मुखवट्यांबद्दल सांगायला हवं. जव्हारच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथे चैतात बोहाडा होतो, देवादानवांची सोंगं मुखवटे घालून नाचवतात, ज्या घराचं जे सोंग असेल ते त्याच घराने पिढ्यानपिढ्या नाचवायचं. मुखवटे ठेवायचं त्यांचं देवाचं घर पडलं आणि शहरातून मुखवटे विकत मागणारे लोक पाड्यावर खेपा घालायला लागले, तेव्हा गावच्या पंचांनी ते सगळे मुखवटे आमच्या कोठारात आणून ठेवले. बोली एवढीच की चैतात ते घेऊन जाणार आणि नाच झाला की परत आणून देणार. त्यातला वेताळ चिंतूच्या घरचा, नाचवायचाही तोच. पांगाऱ्याचं लाकूड, लालभडक जीभ, वटारलेले डोळे, एक सुळा तुटका. पुढून सगळ्यांना माहीत असलेला वेताळ. वर्तमानपत्रात फोटोही आलाय. आतून तो मुखवटा काळा होता, गुळगुळीत, तेलकट, नाचणाऱ्यांच्या कपाळांनी आणि गालांनी घासून घासून झालेला. दर साली चिंतू यायचा, त्याच्याबरोबर बायको नवसी, आणि ती जाताना मला न चुकता सांगायची, "बाई, वरून काय करायचं ता करा. आतून पुसू नका." मी नाही पुसायची. त्यांच्या देवाचं काहीतरी असेल, सोवळ्यासारखं, असं मी समजून होते, आणि या बाबतीत मी फार काटेकोर. आमच्या आधीचे लोक वीरगळांवरचा शेंदूर खरवडून काढायचे, मी ते बंद करवलं. देवाच्या वस्तूला देव मानून हात लावावा, हा माझा बाणा होता.

मग एका साली चिंतू आला नाही. नवसी आली, मुलाला घेऊन, सुका त्याचं नाव, बोईसरला कारखान्यात कंत्राटावर काम करतो. त्यानेच सांगितलं. दिवाळीनंतर चिंतू खाडीवर रेती काढायला गेला होता, होडीवरून बादली घेऊन तळाशी बुडी मारायची आणि भरून वर यायचं, असं ते काम. एका बुडीनंतर तो वर आला नाही. ओहोटीला शोधला, भरतीला शोधला, मिळाला नाही. नवसी ऐकत होती, दुसऱ्या कुणाची गोष्ट चालली असावी तशी. सुका हळूच मला म्हणाला की आय रडली नाय अजून, काय जाळलं नाय, काय पुरलं नाय, रडणार कशावर. मी वेताळ काढून दिला. तिने तो उलटा केला, दोन्ही हातांत धरला, आणि तोंड त्याच्या आत घातलं. बराच वेळ ती तशीच होती, खांदे सावकाश वर-खाली होत होते. मी मान खाली घातली आणि हात जोडले, माझी पद्धत अशी की दुसऱ्याची पूजा चालू असली की आपणही थांबावं. त्यानंतर दर साली ती यायची, आणि मुखवटा नेताना तसं करायची, परत देतानाही. मी दर वेळी हात जोडून उभी राहायची.

पौषात एका सकाळी टॉर्च मारताना वेताळाच्या आतल्या बाजूला पांढरं दिसलं. कपाळ टेकतं तिथे, भुरभुरीत, पातळ थर. इतके दिवस ज्याची भीती होती ते शेवटी आलं, असं वाटून मला जवळजवळ बरं वाटलं. बुरशी असेल किंवा कोरड्या हवेत लाकडातून वर आलेलं मीठ असेल, दिसायला दोन्ही सारखंच. पूर्वी मी मुखवटा नाकापाशी नेला असता आणि एका श्वासात सांगितलं असतं. जिभेला लावूनही कळलं असतं. ते मनात आलंही, पण देवाच्या मुखवट्याच्या आत जीभ लावायची मी कोण, त्या घरची नाही, दारची नाही. त्या पांढऱ्या भागावर बोट ठेवलं, ते कोरडं होतं, याने काहीच ठरत नव्हतं. मी ते बोट नाकाशी धरलं तेवढ्यात मला माझीच लाज वाटली, आंधळ्याने आरशात बघावं तसं ते होतं. शेजारच्या मुखवट्यांवरही मला पांढरं दिसायला लागलं. खरंच होतं की नव्हतं, आज सांगता येणार नाही. बुरशी असेल आणि मी थांबले तर चैतापर्यंत सगळे मुखवटे जाणार, आणि गेले तर ते माझ्यामुळे, माझ्या मेलेल्या नाकामुळे. मीठ असेल आणि मी साफ केलं तर काय बिघडणार होतं? काहीच नाही, असं मला वाटलं. दर्पणला जाऊन सांगितलं की सगळे मुखवटे आतून-बाहेरून स्वच्छ करून औषधाची धुरी द्यायला हवी. तो म्हणाला, "मॅडम, मी हेच म्हणणार होतो, पण तुम्ही आतून हात लावू देत नाही म्हणून गप्प होतो." तो इतका खूश झाला की मला माझंही बरोबर वाटायला लागलं.

नवसीचं सांगणं मी विसरले नव्हते. उलट मी ते फार मनावर घेतलं. काम सुरू करायच्या दिवशी उपास केला, डोक्यावरून न्हाऊन गेले, मुखवट्यांसमोर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, वेताळासमोर वेगळा नारळ ठेवून मनातल्या मनात म्हटलं, देवा, हात लावते, तुझ्या भल्यासाठी लावते, पोटात घाल. एवढं केल्यावर देव रागावणार नाही याची मला खात्री होती. मग कापसाचे बोळे स्पिरिटमध्ये भिजवून वेताळाची आतली बाजू मी स्वतः पुसली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बोळे तपकिरी होऊन निघत होते. कपाळाची जागा, गालांची जागा, हनुवटीची जागा. पुसता पुसता लाकडाचा मूळ रंग वर आला, पिवळसर, कोवळा, कुणी कधी पाहिला नसेल असा. मी खूप पुसलं. मग सगळे मुखवटे पेटीत बंद करून औषधाच्या खड्यांची धुरी दिली. शिपाई डोळे चोळत बाहेर पळाला, दर्पण नाक धरून खोकत होता, आणि मी त्या खोलीत आरामात वावरत होते. नाक गेल्यावर पहिल्यांदा मला त्याचा काहीतरी उपयोग झाला. त्या रात्री मी गाढ झोपले.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. कोठार लख्ख झालं होतं. मी ठीक आहे म्हणायची तेव्हा ते खरं असायचं, औषध होतं ना आत. वरून कुणी पाहुणे आले तर दर्पण त्यांना वेताळ उलटा करून दाखवायचा. केळव्याला सुट्टीला आलेलं एक मुंबईचं कुटुंब वाट वाकडी करून आलं, त्यांच्या मुलीने मुखवटा तोंडाला लावून फोटो काढला. पूर्वी मी जीव गेला तरी लावू दिला नसता. आता आत काळं नव्हतं, चिकट नव्हतं, कुणाच्या तोंडाला काही लागणार नव्हतं. घरी मी भाज्या बघून घेते, मासे प्रफुल्ल हुंगून आणतो. माणसाला कशाचीही सवय होते हे किती वाईट आहे, असं मात्र अधूनमधून वाटायचं, भांडी घासताना वगैरे, साबणाचा फेस हातावर असताना. जग आहे आणि ते आपल्याला लागत नाही. आणि काही दिवसांनी ते लागत नाही याचंही काही वाटेनासं होतं.

चैतात नवसी आणि सुका आले, सकाळच्या एसटीने. नवसी वाळली होती, सुकाने कारखान्याचा शर्ट घातला होता. तिने कचेरीच्या पायरीला हात लावून नमस्कार केला, नेहमीसारखा. मी वेताळ काढून आणला, आधीपेक्षा देखणा दिसत होता, मला वाटलं तिला आवडेल. तिने तो घेतला, उलटा केला, दोन्ही हातांत धरला, तोंड आत घातलं. मी हात जोडले. या वेळी तिचे खांदे एकदाच वर झाले आणि तसेच राहिले. मग तिने तोंड बाहेर काढलं, मुखवटा सरळ केला, पुढून बघितला, तुटक्या सुळ्यावर अंगठा फिरवला, पुन्हा उलटा केला आणि पुन्हा तोंड आत घातलं. या वेळी घाईने, भराभर, तान्ह्या मुलाला जवळ घेऊन हुंगतात तसे श्वास घेत. तिने मान वर केली तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, सुकाकडे बघत होती.

"यात तुजा बापूस नाय," ती म्हणाली.

सुकाने तिच्या हातातून मुखवटा घेतला, स्वतःच्या तोंडाला लावला, लगेच काढला. दवाखान्यासारखा वास येतो, म्हणाला. मग माझ्याकडे वळून, फार अदबीने, साहेबांशी बोलावं तसं विचारलं की आतून पुसला का. मी सांगायला लागले, बुरशी, मीठ, धुरी, नारळ, हळदकुंकू, देवाची क्षमा मागितली होती. माझं बोलणं मलाच ऐकू येत होतं. तो म्हणाला, "बाई, देवाचं काय नव्हतं त्यात. देव वरून असतो. आत बाबा होता. घामाचा वास होता त्याचा. मी नाचायला लागलो का तोंडावर यायचा." मी खिडकीच्या कट्ट्यावर बसले. कपाटातल्या पिशवीत तोंड घालून बसणारी बाई मी, मला हे सांगायला माणूस लागावा? तिचे वर-खाली होणारे खांदे मी दर साली माझ्या डोळ्यांनी बघितले होते आणि हात जोडले होते.

नवसी मात्र रागावली नव्हती. तिने वेताळ परत घेतला आणि माझ्यापाशी आली. तिच्या डोळ्यांत अजून थोडी आशा होती, तेच मला सहन झालं नाही. "तुमी बघा बाई," ती म्हणाली. "तुमचं नाक तेज हाय, समदे सांगतात. कुठं कोपऱ्यात थोडा राहिला असल." आणि तिने मुखवटा माझ्या हातात दिला.

मी तोंड आत घातलं. लाकूड गार होतं. डोळ्यांच्या भोकांतून खिडकीचा उजेड येत होता. मी श्वास घेतला, सोडला, घेतला. ज्यांनी पुसलं होतं त्या बोळ्यांचा तपकिरी रंग आठवला. कपाळ जिथे टेकत होतं ती जागा चिंतूची होती, त्याच्या बापाची होती, मी ती ओळखू शकत होते फक्त तिच्या गुळगुळीतपणावरून. तिला सांगायला हवं होतं की माझं नाक मेलंय, मला विचारू नकोस, आणखी कुणाला बोलाव. दर्पणला बोलाव. पण दर्पण काय हुंगणार, चिंतूला त्याने बघितलंही नव्हतं. आहे म्हणावं, असंही आलं मनात, आहे गं, इथे हनुवटीपाशी आहे थोडा. ती दर साली येऊन त्या हनुवटीपाशी शोधत राहिली असती. मी तोंड बाहेर काढलं आणि म्हटलं, "मला काहीच येत नाही."

खरं तेच बोलले होते. तिने मान हलवली, सावकाश, आता कळलं म्हणून. "मंग गेला," ती म्हणाली. माझ्या नाकाबद्दल मी पुढे काही बोलू लागले, पण ती ऐकत नव्हती. तिने वेताळ सुकाच्या हातात दिला, त्याने तो फडक्यात बांधला, नाचवायचा तर होताच. ती बाहेर गेली, कचेरीच्या पायरीवर बसली, डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि कपाळावर हात मारून मोठ्याने रडायला लागली, चिंतूचं नाव घेऊन, त्याला हाका मारून, माणूस घरातून उचलताना बायका रडतात तशी. सुका फडकं छातीशी धरून तिच्याशेजारी उकिडवा बसला. शेजारच्या खोल्यांतून माणसं बाहेर आली. दर्पण धावत आला आणि काय झालं म्हणून मला विचारायला लागला.

"तिचा नवरा गेला," मी म्हटलं.

"अरे देवा. कधी?"

"आत्ता."